हत्यारांची जागा

काळ्या रानाचा वाफसा फार काळ टिकत नाही. गेवराई-माजलगावकडे ऐन पेरणीत औताचा बोल्ट सैल व्हावा व पाना सापडू नये, याहून मोठे नुकसान ते कोणते? लाकडी औत गावचा सुतार सांभाळीत असे. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणांहून लोखंडी नांगर व पंप आले, तशी दुरुस्तीची हत्यारे सांभाळण्याची जबाबदारी शेतकऱ्याकडे आली. म्हणून आम्ही असे सुचवितो की, कोरड्या भिंतीवर फळी ठोकून पाने मापाच्या क्रमाने टांगावेत व प्रत्येकामागे त्याची आकृती रंगवावी. रिकामी आकृती दिसताच हरवलेले हत्यार ध्यानात येते. काम संपताच माती पुसून तेलाचा हात द्यावा. खताची पोती जवळ ठेवू नयेत. खतातील क्षार ओल धरून लोखंड गंजवितात. मृगापूर्वी सर्व हत्यारे एकदा मोजून घ्यावीत, म्हणजे पाऊस पडल्यावर घर धुंडाळावे लागणार नाही.