लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालात?

लेकीचा फोन येतो, "आई, गोड बातमी आहे," आणि त्याच रात्री आपण डिंक, खारीक, अळीव यांची यादी करायला बसतो. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी यायची. आता कितीतरी घरांत आईलाच लेकीकडे जावे लागते, आणि तेही विमानाने, बहुधा एकटीने. कारण म्हशी, ऊस आणि लाइटच्या पाळ्या सोडून कारभाऱ्यांना निघता येत नाही. मीही तशीच गेले. 2023 साली, शिकागोला. जाताना जी फजिती झाली ती तुमची होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. कारभाऱ्यांनाही वाचून दाखवा, कारण तिकिटाचे पैसे तेच मोजणार.

माझे तिकीट भाच्याने मोबाइलवर शोधून काढले. मुंबई ते दुबई एका कंपनीचे, दुबई ते शिकागो दुसऱ्या कंपनीचे. दोन वेगळी तिकिटे, पण मिळून अकरा हजार रुपये स्वस्त. दुबईला मध्ये पाच तास होते. "मामी, पाच तासांत जेवण करून झोपही होईल," भाचा म्हणाला. मुंबईचे विमान साडेतीन तास उशिरा सुटले. दोन तिकिटे असल्यामुळे बॅगा फक्त दुबईपर्यंतच होत्या. तिथे उतरून, रांगेत उभे राहून, बॅगा घेऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपर्यंत पोचायचे होते. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर होता म्हणून दुबईचा व्हिसा पैसे भरून तिथेच मिळाला, नाहीतर बॅगांपर्यंतही पोचता आले नसते. मी धापा टाकत पोचले तेव्हा काउंटर बंद झाले होते. विमान अजून जमिनीवरच होते, पण उपयोग नव्हता.

पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला दुबईला पोचवले, आमचे काम संपले. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट गेले. आणि जातानाचे विमान चुकले म्हणून त्याच तिकिटावरचे परतीचे आसनही रद्द झाले, हे तर मला दोन महिन्यांनी कळले. नवे एकमार्गी तिकीट एकाहत्तर हजारांचे पडले. पैशाचे सोडा. मी विमानतळावरच्या खुर्चीत बसले होते तेव्हा लेक दवाखान्यात होती, आणि नात झाल्याचा निरोप मला तिथेच मिळाला. डोळे पुसायला पदर होता, पण पेढे वाटायला ओळखीचे कोणी नव्हते.

चूक ना कंपनीची, ना भाच्याची. आम्हाला माहीतच नव्हते. म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात घ्या: सबंध प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआर नंबरवर असावा. विमान बदलले तरी चालते, कंपनीही बदलली तरी चालते, पण तिकीट एक हवे. मग मधले विमान उशिरामुळे चुकले तर पुढच्या विमानात बसवून देणे ही त्यांची जबाबदारी असते आणि बॅगाही पुढे जातात. नागपूरहून किंवा संभाजीनगरहून मुंबईपर्यंत वेगळे तिकीट काढलेत तरी धोका तोच. तसे करणार असाल तर एक दिवस आधी मुंबईत पोचा आणि नातेवाइकांकडे मुक्काम करा.

मग स्वस्त तिकीट मिळतच नाही का? मिळते, पण ते तारखेत मिळते. मे-जूनमध्ये आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळांच्या सुट्ट्या असतात, सगळी दुनिया निघते आणि दर चढतात. फेब्रुवारी-मार्च किंवा दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे बहुधा सोयीचे. बाळाची तारीख आपल्या हातात नाही हे खरे, पण निघण्याचा दिवस दोन-चार दिवसांनी मागेपुढे करून बघायला मुलांना सांगा. मंगळवार-बुधवारचा आणि शनिवार-रविवारचा दर कित्येकदा वेगळा निघतो. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर सगळ्या कंपन्यांचे दर एकत्र दिसतात. तिथे बघावे आणि विकत मात्र कंपनीकडून किंवा ओळखीच्या एजंटाकडून घ्यावे. तारीख बदलायची वेळ आली तर मग कोणाला धरायचे हे तरी माहीत असते. नांदेड, लातूरकडच्या मंडळींनी मुंबईबरोबर हैदराबादचेही दर विचारावेत. आणि दराबरोबर बॅगा किती, हेही विचारा. कुठे तेवीस किलोच्या दोन मिळतात, कुठे एकच. दुसऱ्या बॅगेचे पैसे वेगळे भरले की स्वस्ताई तिथेच संपते.

विमानतळाचे नावही नीट वाचा. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवा. दोन्हींमध्ये सगळी मुंबई आडवी पडते.

आणखी एक घोळ तारखेचा. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, विमानाचा रात्री बाराला. तिकिटावर "12 तारीख, 2 वाजून 30 मिनिटे" असेल तर तुम्हाला 11 तारखेच्या रात्रीच विमानतळावर असायला हवे. बाराच्या रात्री बॅगा घेऊन पोचलेली माणसे विमान कालच गेले हे ऐकून परत फिरतात.

पण तिकिटाच्या आधी व्हिसा, आणि व्हिसाच्या आधी पासपोर्ट. हा क्रम मोडू नका. व्हिसा हातात येण्यापूर्वी तिकिटाचे पैसे भरू नका. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाची फी जून 2023 पासून 185 डॉलर झाली आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने लागतात. म्हणून गोड बातमी कळली की आधी पासपोर्ट काढायला घ्या. आता बऱ्याच ठिकाणी पोस्टातल्या केंद्रातही पासपोर्टचे काम होते.

पासपोर्टात आपल्या बायकांची खरी अडचण नावाची. आधारवर मंदाबाई, सातबाऱ्यावर मंदाकिनी, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव. हे सगळे अर्ज करण्याआधी सारखे करून घ्या. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टाचे अमेरिकेच्या व्हिसावर भलतेच होते: पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे नाव माहीत नाही, असे छापतात. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर 2022 मध्ये अशा एकनावी पासपोर्टांवर भेटीचा व्हिसा देण्याबद्दल निर्बंध घातले. तिकिटावरचे नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे.

व्हिसासाठी मुंबईला दोन फेऱ्या पडतात. एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, एकदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. रेशनच्या यंत्रावर ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांनी आठवडाभर आधी खुरपे आणि भांड्यांची राख बाजूला ठेवावी, रात्री हाताला तेल चोळावे. मी हसत नाही, माझे ठसे तिसऱ्या खेपेला उठले.

मुलाखत मराठीतून देता येते. मोडके इंग्रजी बोलण्यापेक्षा मराठीच बरी. तिथल्या कायद्याप्रमाणे, येणारा माणूस कायमचाच राहायला येतो आहे असे अधिकारी आधी धरून चालतो. तसे नाही हे आपण पटवून द्यायचे असते. कोणाकडे जाता, ती काय करते, किती दिवस राहणार, मागे शेती कोण बघतो, असे प्रश्न येतात. सातबारा, बँकेचे पुस्तक बरोबर ठेवा. ते बघतीलच असे नाही. उत्तर खरे आणि थोडके द्या. "घरी दोन म्हशी आहेत, मालक आहेत, पेरणीच्या आत परत येणार," हे मी सांगितले ते खरेच होते. पगारी कामाला हा व्हिसा चालत नाही, आई म्हणून लेकीकडे राहायला चालतो. "माझी आत ओळख आहे" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला किती दिवस राहायचे ते तिथे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत.

मधल्या मुक्कामाचे आता. विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचे असेल तर आखाती विमानतळांवर वेगळा व्हिसा लागत नाही. पण काही देश नुसते विमान बदलायलाही व्हिसा मागतात, आणि हे नियम वरचेवर बदलतात. तिकीट काढण्याआधी मधल्या देशाचा नियम त्या आठवड्यात नव्याने बघायला सांगा. मधला वेळ दीड तासाचा असेल तर धावपळ, चौदा तासांचा असेल तर हाल. तीन ते पाच तास मला बरे वाटतात. मोठा मुक्काम पडणारच असेल तर काही कंपन्या एकाच तिकिटावरच्या प्रवाशाला हॉटेल देतात; त्याच्या अटी तिकीट काढतानाच विचाराव्यात. गुडघे दुखत असतील तर चाकांची खुर्चीही तेव्हाच मागून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, एक लुगडे, शाल आणि लेकीचा नंबर कागदावर लिहून हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

बॅगेत काय भरावे यावर घरोघरी भांडणे होतात. अखंड सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानवाले घेत नाहीत. त्यात तेल असते आणि ते पेट घेते. लोणचे हातातल्या पिशवीत नको, तेलाची बरणी तपासणीत काढून घेतात. आणि खसखस! अमिरातीत खसखशीला बंदी आहे, ती अफूच्या झाडाची म्हणून. तिच्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. माझ्या डिंकाच्या लाडवांत मूठभर खसखस होती, आणि दोन तिकिटांच्या घोळात तीच बॅग घेऊन मी दुबईच्या कस्टममधून बाहेर पडले होते. कोणी उघडली नाही. हे मला नंतर लेकीने सांगितले तेव्हा हातपाय गार पडले.

अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच पासपोर्ट तपासतात आणि बॅगा उचलून कस्टममधून न्याव्या लागतात. पुढे दुसऱ्या गावी जायचे असेल तर त्या पुन्हा द्याव्या लागतात. खाण्याचे काय आणले ते विचारतात. लपवले तर दंड, सांगितले तर फार तर वस्तू काढून घेतात. मी लाडू सांगितले, ते राहू दिले. ओला कढीपत्ता मात्र घेतला. राग आला खरा, पण विदर्भातल्या संत्रावाल्यांना त्याचे कारण लगेच कळेल: संत्र्याचा रोग पसरवणारी सिट्रस सायला कढीपत्त्यावरही वाढते, आणि तिकडेही संत्र्याच्या बागा आहेत.

लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. या खेपेला तिकीट एक आहे, लाडवांत खसखस नाही, आणि कढीपत्त्याचे रोप तिने तिकडेच कुंडीत लावले आहे.