खानदेशातील जमीन, हवामान आणि शेंदरी बोंडअळी

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा आणि मध्ये तापीचे खोरे, अशी खानदेशची ठेवण आहे. नदीकाठची जमीन खोल, काळी व ओल धरणारी; तर धुळे, शिंदखेडे भागांतील माळजमीन हलकी व पावसावर विसंबून असणारी. कपाशीवरील शेंदरी बोंडअळीचा उपद्रव कोठे अधिक होणार, हे पुष्कळ अंशी या फरकावरून ठरते.

हलक्या जमिनीत ओल सरली की पीक आटोपते व किडीचे अन्नही संपते. भारी बागायती जमिनीत मात्र पीक दोन्ही टोकांनी लांबते. जळगाव जिल्ह्यात विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावतात, आणि काही ठिकाणी फरदड उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राखतात.

हिवाळ्यात दिवस लहान व रात्री थंड झाल्या म्हणजे काही अळ्या सरकीत व पऱ्हाट्यांवरील किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत जातात. पावसाळ्याच्या आरंभी त्यांचे पतंग बाहेर पडतात. पतंगांचे आयुष्य थोड्या दिवसांचे. त्या वेळी शेतात पाती-फुले नसली तर ती पिढी वाया जाते. मेमधील कपाशीस नेमकी त्याच सुमारास पाती धरलेली असतात. पूर्वहंगामी पिकाचे उत्पन्न चांगले येते, हे खरे. परंतु शेजारच्या कोरडवाहू कपाशीवर पुढील पिढ्या चढतात त्या तेथूनच.

बी.टी. कपाशी 2002 साली व तिचे दोन जनुकांचे वाण 2006 साली आले, तेव्हा हा प्रश्न मिटला असे वाटले होते. पुढे अळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात फार मोठे नुकसान झाले. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून लागवड जूनमधील पुरेशा पावसानंतरच करावी. फुलोऱ्यात डोमकळ्या दिसताच त्या तोडून नष्ट कराव्यात. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग सापडल्यास, अथवा शंभरात दहा फुले वा हिरवी बोंडे किडलेली आढळल्यास, फवारणीस विलंब लावू नये. डिसेंबरअखेर पीक काढून टाकावे. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर जळणासाठी रचून ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी गावात फिरताना प्रथम तेच पाहावेत. जिनिंगच्या आवारातील सरकीकडेही तितकेच लक्ष हवे, कारण तेथूनही पतंग भोवतालच्या शेतांत जातात.