संगणक बसला तर? मशीन उठवणारी डिस्क हंगामाआधीच करून ठेवा



गाळप हंगाम तोंडावर आला की गव्हाण, मिल, बॉयलर यांची डागडुजी होते, सुटे भाग स्टोअरमध्ये येऊन पडतात. कारण ऐन हंगामात मिल उभी राहिली तर तोडलेला ऊस वाळतो. हीच शिस्त संगणकालाही लावली पाहिजे, असे आम्हांला वाटते. उसाची नोंद, तोडणीची तारीख, काट्यावरचे वजन, बिल, सगळे आता त्याच्या पोटात असते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे. त्यातले चार दिवस संगणकच बंद, तर बिले निघणार कशी? गावची विकास सोसायटी आणि दूध संस्था यांचेही तेच.

"आम्ही रोज कॉपी काढतो की!" असे पुष्कळजण म्हणतात. चांगलेच आहे. पण ती कॉपी हिशेबाच्या फायलींची. आतली हार्ड डिस्क बसली तर मशीन सुरूच होत नाही. मग कॉपी वाचणार कोण?

बटण दाबल्यावर संगणक प्रथम बायोस हा स्वतःचा छोटा प्रोग्राम चालवतो (नव्या मशीनमध्ये यूईएफआय). तो विंडोजसारखी प्रणाली कोठे आहे ते शोधतो. आतल्या डिस्कवर मिळाली नाही, तर बाहेरच्या डिस्कवरून घेतो. अशा डिस्कला 'बूटेबल' म्हणतात. १९९५ साली फिनिक्स व आयबीएम यांनी 'एल टोरिटो' हे मानक केले आणि सीडीवरून मशीन उठवणे सोपे झाले. आता बऱ्याच मशीनला सीडीची खाच नसते, म्हणून पेन ड्राइव्ह वापरावा.

विंडोजमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' करण्याची सोय आहे. तिच्यासाठी १६ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्यावा. मात्र त्यातून विंडोज परत बसते, तुमचे प्रोग्राम आणि हिशेब नाही. सगळे जसेच्या तसे परत हवे असेल तर पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे 'इमेज', काढावी लागते. तैवानमध्ये तयार झालेला 'क्लोनझिला' हा प्रोग्राम हे काम फुकट करतो. तो पेन ड्राइव्हवर घालायचा, त्यावरून मशीन सुरू करायचे आणि इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायची. परत भरताना नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी हवी.

सांभाळायच्या गोष्टी अशा:

१. पेन ड्राइव्ह बूटेबल करताना त्यावरचे सर्व पुसले जाते. इमेज परत भरताना मशीनच्या डिस्कवरचेही जाते. घाई नको.

२. इमेजची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस मशीनबरोबरच कुलूपबंद करतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर असाच धुमाकूळ घातला.

३. 'बिटलॉकर' चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

४. इमेज काढल्यानंतरची बिले तिच्यात नसतात. म्हणून रोजची कॉपी चालूच ठेवावी.

आणि मुख्य म्हणजे चाचणी. पेन ड्राइव्ह लावून मशीन उठते का ते पाहा. जमल्यास एका रिकाम्या डिस्कवर इमेज भरून बघा. तपासून न पाहिलेल्या डिस्कवर भरवसा ठेवू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. सोसायटीत किंवा दूध संस्थेत काम पाहणाऱ्या सभासदांनी पहिली मोळी पडण्यापूर्वी एक दिवस काढून एवढे काम उरकावे, ही विनंती.