एका यंत्रापुरता खेळ : हक्क विकला, गिऱ्हाईक घटले

व्हिडिओ गेम हा मुलांचा वेळ खाणारा प्रकार, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. परंतु ज्या मालाच्या तयारीवर शेकडो माणसे अनेक वर्षे राबतात आणि ज्याचे बाजारातले नशीब पहिल्या काही आठवड्यांत कळून चुकते, त्याचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याने पाहावा असाच आहे.

टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राला कन्सोल म्हणतात. सोनी, मायक्रोसॉफ्ट व निन्टेंडो या तीन कंपन्या त्यात प्रमुख. एकीच्या यंत्राचा खेळ दुसरीच्या यंत्रावर चालत नाही. यंत्र थोड्या नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे आपला वाटा घ्यायचा, अशी ही रीत आहे. साहजिकच गाजलेला खेळ फक्त आपल्याच यंत्रावर मिळावा यासाठी कंपनी पैसे मोजते किंवा इतर मदत करते. कधी तर खेळ बनवणारी पेढीच विकत घेतली जाते. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये साडेसात अब्ज डॉलरचा असा एक व्यवहार पुरा केला.

रोल प्लेइंग गेममध्ये हा सौदा विशेष महत्त्वाचा ठरतो. या प्रकारात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, कथा पन्नास-पन्नास तास चालते, आणि एकदा गोडी लागली की गिऱ्हाईक पुढच्या भागाची वर्षानुवर्षे वाट पाहते. जपानच्या स्क्वेअर कंपनीची ‘फायनल फँटसी’ ही मालिका यातली नामांकित. तिचे पहिले सहा भाग निन्टेंडोच्या यंत्रांवर आले. निन्टेंडोने नव्या यंत्रातही काडतूसच ठेवले, तर सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये भरपूर जागेची व स्वस्त सीडी होती. १९९७ साली सातवा भाग तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी आला आणि नवख्या सोनीचे बस्तान बसायला त्याचा मोठा हातभार लागला. त्या वेळी यंत्र निवडण्यामागे तांत्रिक कारण होते, हे ध्यानात ठेवावे.

आता सोळावा भाग पाहा. २२ जून २०२३ रोजी तो फक्त प्लेस्टेशन ५ वर आला. दुकानांत रवाना झालेल्या व इंटरनेटवरून विकलेल्या मिळून पहिल्या आठवड्यात ३० लाख प्रती झाल्या. २०१६ च्या पंधराव्या भागाचा आकडा मात्र पहिल्याच दिवशी ५० लाखांचा होता. लोक लगेच म्हणू लागले, खेळ पडला. आमच्या मते ही तुलना न्याय्य नव्हती. पंधरावा भाग सोनी व मायक्रोसॉफ्ट या दोघांच्या यंत्रांवर होता. सोळाव्याच्या वेळी प्लेस्टेशन ५ ची सुमारे चार कोटी यंत्रे विकली गेली होती, म्हणजे दर तेरा यंत्रांमागे एक प्रत. हे प्रमाण वाईट कसे म्हणावे?

पण खर्च प्रमाणावर भागत नाही, एकूण विक्रीवर भागतो. २०२४ साली कंपनीने स्वतःच मान्य केले की, सोळाव्या भागासह त्या वर्षीच्या मोठ्या खेळांचा नफा अपेक्षेइतका झाला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तिने यापुढे मोठे खेळ अनेक यंत्रांवर देण्याचे धोरण जाहीर केले. दुकानाची तीन दारे बंद ठेवून गल्ला मात्र चारही दारांचा धरावा, तसा हा अंदाज होता. हक्काची रक्कम एकदाच मिळते. न आलेले गिऱ्हाईक पुढच्या भागालाही येत नाही, कारण मधली कथा त्याने पाहिलेलीच नसते.

गिऱ्हाइकाच्या अपेक्षेचाही प्रश्न आहे. सोळाव्या भागाच्या जाहिरातीत सहा महिन्यांची मुदत दिली होती. अनेकांनी त्याचा अर्थ सातव्या महिन्यात आपल्या संगणकावर खेळ मिळणार असा घेतला. निर्माते नाओकी योशिदा यांनी तसे होणार नाही, दुसऱ्या यंत्रासाठी खेळ नीट बसवायला वेळ लागतो, असे आधीच सांगितले. ते सांगणे योग्यच होते. प्रत्यक्षात संगणकावर खेळ सप्टेंबर २०२४ मध्ये आला व एक्सबॉक्सवर जून २०२५ मध्ये. सातव्या भागाच्या नव्या आवृत्तीचे तर याहून लांबले. एप्रिल २०२० मध्ये वर्षभराच्या मुदतीने ती प्लेस्टेशनवर आली आणि एक्सबॉक्सपर्यंत पोचायला जानेवारी २०२६ उजाडला. मुदत संपली म्हणजे दुसऱ्याला विकण्याची मोकळीक झाली, माल तयार झाला असे नव्हे.

भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले. मुलगा एका खेळासाठी एवढ्या किमतीच्या यंत्राचा हट्ट धरून बसला असेल, तर जाहिरातीतली बारीक अक्षरे आधी वाचावीत. तिथे मुदत लिहिलेली असेल तर घरातल्या संगणकावर तो खेळ पुढे येण्याचा संभव आहे, फक्त दीड-दोन वर्षे धीर धरावा लागेल. मात्र संगणक त्या ताकदीचा आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.