रेंज नसतानाही वाट दाखवणारा नकाशा

मोबाइलमधला जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट पकडतो; त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घ्यायला. म्हणून ॲप निवडताना आधी पाहा : नकाशा डाउनलोड करून ठेवता येतो का?

शहरात गूगल मॅप्स सोयीचे, कारण वाहतूक कोंडी लगेच कळते. ऑफलाइन नकाशात मात्र ही ताजी माहिती मिळत नाही. मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे मॅपल्स हे ॲप गतिरोधक, धोकादायक वळणे यांचीही सूचना देते.

हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी जायचे तर ऑर्गॅनिक मॅप्स जरूर घ्या. ते मोफत आहे, जाहिराती नाहीत. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून त्याचे नकाशे येतात. त्यात पायवाटा आणि समोच्च रेषाही (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दिसतात. या रेषा दाटीवाटीने आल्या की चढ खडा समजावा.

निघण्यापूर्वी घरीच डेटा आणि वायफाय बंद करून ॲपमध्ये मार्ग शोधून पाहा. पावसाळ्यात पायवाटा गवताखाली बुजतात, ओढे दुथडी भरून वाहतात. हे कोणताच नकाशा सांगत नाही, म्हणून पायथ्याच्या गावात चौकशी केल्याशिवाय वर चढू नका.