जावाला विचारा, ते सांगेल

चालू असलेल्या जावा प्रोग्रामला विचारता येतं की तुझी किती मेमरी वापरात आहे, आणि उत्तर मिळतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तशी काही सोय केलेली नसली तरी मिळतं! 2004 साली आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून जेएमएक्स ही यंत्रणा जावा व्हर्च्युअल मशीनच्या पोटातच असते. तिथे एमबीन नावाचे छोटे नोंदकरी बसलेले असतात. थ्रेड किती, क्लास किती लोड झाले, निरुपयोगी मेमरीची सफाई किती वेळा झाली आणि त्यात किती मिलिसेकंद गेले, सगळं त्यांच्याकडे असतं. कुणी विचारो वा न विचारो.

हे आकडे साठवायला बरेच जण प्रोमेथियस वापरतात. त्याचा जन्म 2012 साली साउंडक्लाउड या संगीत कंपनीत झाला. ठरलेल्या अंतराने, बहुधा दर पंधरा सेकंदांनी, तो स्वतः जाऊन आकडे घेऊन येतो. पण त्याला जेएमएक्स कळत नाही, त्याला एचटीटीपीवर साधा मजकूर लागतो. मधल्या दुभाष्याचं काम जेएमएक्स एक्सपोर्टर करतो. ही एक जार फाइल. प्रोग्राम सुरू करताना जावाएजंट या पर्यायात तिचा पत्ता, एक पोर्ट आणि कॉन्फिगरेशनची फाइल द्यायची. मग 'मेन'च्याही आधी एजंटचं 'प्रीमेन' चालतं आणि तो त्याच प्रोसेसमध्ये मुक्काम ठोकतो. मूळ कोडची एक ओळही बदलत नाही. ते पोर्ट प्रोमेथियसला कळवलं की जोडणी झाली.

साठवण तर थक्क करणारी आहे. एक वेळ आणि एक आकडा मिळून सोळा बाइट व्हायला हवेत. प्रोमेथियस सरासरी एक ते दोन बाइटांत भागवतो. नोंदी समान अंतराने येतात, त्यामुळे अंतरांमधला फरक बहुतेकदा शून्य निघतो, आणि शून्य लिहायला एक बिट पुरतो. ही युक्ती फेसबुकच्या गोरिला या डेटाबेसवरच्या 2015 सालच्या शोधनिबंधातून आली.

आणि मग हे आकडे चितारून दाखवणाऱ्या ग्राफानावर हीपचा, म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू जिथे राहतात त्या मेमरीचा, आलेख उमटतो: करवतीचे दात. वापर चढत जातो, एकदम कोसळतो, पुन्हा चढतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण हीच निरोगी चाल आहे. जावातल्या बहुतेक वस्तू अल्पायुषी असतात. एक विनंती येते, तिच्यासाठी शेकडो स्ट्रिंग आणि याद्या तयार होतात, उत्तर गेलं की त्या कुणालाच नको असतात. गार्बेज कलेक्टर त्यांची जागा मोकळी करतो. म्हणून दाताच्या टोकाकडे नाही, तळाकडे पाहायचं. मोठ्या सफाईनंतरही जे उरतं, तेच प्रोग्रामने खरोखर धरून ठेवलेलं असतं. तो तळ दिवसेंदिवस वर सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे. कधीच रिकामा न होणारा एखादा कॅश, बहुतेक वेळा. वेळीच दिसलं नाही, तर शेवटी मेमरी संपल्याची एरर येते.

तेव्हा हीप नव्वद टक्के भरली की इशारा, असा नियम लावू नका. तो निरोगी प्रोग्रामवरही रात्री-अपरात्री ओरडेल. सफाईनंतर उरलेल्या मेमरीचा आकडा एमबीन वेगळा देतात. इशारा त्यावर लावा.