न्यूझीलंडचा प्रवेश-परवाना व आपला शेतकरी

पूर्वीं सात-बाराच्या उताऱ्याची मागणी होत असे ती सोसायटीच्या कर्जासाठीं, भावाभावांच्या वाटणीसाठीं, नाहीं तर कोर्टाच्या कज्जासाठीं. अलीकडे तिला एक नवें कारण जोडलें गेलें आहे. मुलगा किंवा मुलगी परमुलखांत नोकरीस राहते, तिकडेच घर होतें, नातवंडें होतात, आणि आईबापांस भेटीचें बोलावणें आलें कीं अर्जास जोडण्यासाठीं उतारा हवा असतो. महसूल खात्यांतील आमची कारकुनी सरली असली, तरी अशा कागदांची विचारपूस आमच्याकडे अद्यापि होते. त्यामुळें हे नियम आम्हांस वाचावे लागले. त्यांपैकीं न्यूझीलंडचे नियम येथें सांगण्याचें योजिलें आहे. कारण तो देश स्वतः शेतीवर व गुराढोरांवर जगणारा आहे, आणि येणाऱ्या शेतकऱ्याकडे तो इतर पाहुण्यांपेक्षां अधिक बारकाईनें पाहतो.

कांहीं ठराविक देशांच्या नागरिकांस तेथें व्हिसा लागत नाहीं. भारत त्या यादींत नाहीं, म्हणून आपणांस निघण्यापूर्वीं व्हिसा काढलाच पाहिजे. अर्ज संगणकावरून करावयाचा व मंजुरीचें पत्रहि त्याच मार्गानें येतें. पासपोर्टावर शिक्का उमटला नाहीं म्हणून कोणी घाबरूं नये. तो देश सोडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्टाची मुदत शिल्लक असावी लागते. साधारण भेटीचा व्हिसा अनेक फेऱ्यांचा असल्यास सहा महिन्यांपर्यंत व एकाच फेरीचा असल्यास नऊ महिन्यांपर्यंत मिळूं शकतो. अपत्य तेथील नागरिक अथवा कायमचें रहिवासी असेल, तर आईबापांसाठीं व आजीआजोबांसाठीं निराळा व्हिसा आहे; त्यावर तीन वर्षांच्या मुदतींत एका वेळीं सहा महिने व एकूण अठरा महिने राहतां येतें. सप्टेंबर २०२५ पासून आईबापांसाठीं पांच वर्षांपर्यंतचाहि एक व्हिसा सुरू झाला असून त्यास वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पाहुण्यांवरील पट्टी पूर्वीं ३५ डॉलर होती, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून १०० डॉलर झाली. येथें डॉलर म्हणजे न्यूझीलंडचा डॉलर समजावा. त्याचे सुमारें पन्नास रुपये धरून चालावें.

हा झाला आंकड्यांचा भाग. या सर्व नियमांच्या बुडाशीं मात्र एकच प्रश्न आहे, तो असा कीं, हा मनुष्य खरोखर भेटीस येत आहे काय, व मुदत संपतांच परत जाईल काय? या प्रश्नाचें आपल्या शेतकऱ्यापाशीं जितकें चांगलें उत्तर आहे तितकें शहरांतील पगारदारापाशींहि नसतें. नोकरी सोडतां येते, भाड्याचें घर सोडतां येतें. जमीन कांहीं बोचक्यांत बांधून नेतां येत नाहीं. घरीं उभा ऊस, गोठ्यांत दुभतें जनावर आणि पेरणीची तिथि ठरलेली असा मनुष्य परदेशांत लपून राहील हें संभवत नाहीं. परंतु हें तपासणाऱ्या अधिकाऱ्यास आपला बांध दिसत नाहीं, त्यास दिसतो तो कागद. आणि आपल्याकडे कागद व वस्तुस्थिति यांची फारकत किती असते हें दप्तरांत आयुष्य काढलेल्यास सांगावयास नको.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराचा अर्ज अशा रीतीनेंच नामंजूर झाला. वहिवाट त्यांची, विहीर त्यांनीं खोदलेली, परंतु वडील वारून बारा वर्षें लोटलीं तरी वारसाची नोंद केलेली नव्हती. उताऱ्यावर नांव वडिलांचें. म्हणजे कागदोपत्रीं हे गृहस्थ भूमिहीनच. त्यांत भर अशी कीं, कोणाच्या सल्ल्यावरून अर्जाच्या आधींच्या आठवड्यांत त्यांनीं व्याह्याकडून पांच लक्ष रुपये घेऊन बँकेंत भरले. वर्षभर ज्या खात्यांत हजारांचा व्यवहार, त्यांत एकाएकीं लाखांची रक्कम पाहून कोणाहि तपासनिसास संशय यावयाचाच. सुनेचें बाळंतपण परक्या बाईच्या हातून झालें, आणि नातवाचें बारसें या दांपत्यानें येथें ओसरीवर बसून फोनच्या पडद्यावर पाहिलें.

तेव्हां ज्यांस एक-दोन वर्षांत जाण्याचा संभव आहे त्यांनीं प्रथम वारसाचा फेरफार मंजूर करून घ्यावा. गांव नमुना सात-बारा व आठ-अ या दोहोंवरील नांव पासपोर्टावरील नांवाशीं ताडून पाहावें. एके ठिकाणीं 'रामराव' व दुसरीकडे 'रामचंद्र' असें आपल्या गांवीं खपतें, परदेशीं खपत नाहीं. इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीचा बोजा असेल तर तो लपवूं नये. पीककर्ज ही कांहीं खोट नव्हे, उलट शेती चालू असल्याची ती साक्षच आहे.

पैशाची अट अशी कीं, दर माणशीं दर महिन्यास १,००० डॉलर खर्चावयास असल्याचें दाखवावें. राहण्याचा खर्च आधींच भागविलेला असल्यास ४०० डॉलर पुरतात. नागरिक किंवा कायमचा रहिवासी असलेला मुलगा जामीनदार राहिला तर राहण्याजेवणाची व परत पाठवणीची हमी तो लेखी देऊं शकतो. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त असल्यानें अनेकांपाशीं आयकराचे कागद नसतात, व मग 'उत्पन्नाचा पुरावा काय?' येथें अर्ज अडतो. पुरावा असतो, पण तो खुंटीवरच्या पिशवींत असतो. कारखान्याचें उसाचें बिल, आडत्याची पट्टी, दूध संघाचा दहा-दहा दिवसांचा हिशेब, हे सर्व कागद बँकेच्या खात्याशीं जुळवून तारीखवार लावले म्हणजे वर्षाचें चित्र उभें राहतें. उसाचे पैसे वर्षांतून एक-दोनदांच येतात, हेंहि सोबतच्या पत्रांत दोन ओळींत सांगावें. पगाराची रीत माहीत असणाऱ्यास तें आपण होऊन कळत नाहीं.

२६ मे २०२५ पासून भेटीच्या व्हिसासाठीं परभाषेंतील कागदांचें प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडणें आवश्यक झालें आहे, आणि तें अर्जदारानें, त्याच्या कुटुंबियानें किंवा अर्जाचा सल्ला देणाऱ्यानें केलेलें चालत नाहीं. भाषांतरकारास 'पोटखराबा' व 'आकार' हे शब्द समजावून सांगावे. पोटखराबा म्हणजे नापीक झालेली सगळी जमीन, असा अर्थ कोणी केला तर चांगल्या खात्याचें विनाकारण वाटोळें व्हावयाचें!

दलालांविषयीं एवढेंच सांगतों कीं, न्यूझीलंडच्या २००७ च्या कायद्यान्वयें अशा अर्जाचा सल्ला देणाऱ्यापाशीं त्या देशाचा परवाना असावा लागतो, किंवा वकिलांसारखी कायद्यानें सूट असावी लागते. तो सल्लागार आपल्या तालुक्याच्या ठिकाणीं बसलेला असला तरीहि.

आतां दुसरा भाग. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच असें नव्हे. प्रवेशाची अनुज्ञा विमानतळावर निराळी मिळते. प्रवासापूर्वीं एक जबानी विनामूल्य भरून द्यावी लागते. पूर्वीं ती विमानांत कागदावर भरीत, २०२३ पासून संगणकावर भरण्याची सोय झाली. तींत एक प्रश्न असा असतो कीं, गेल्या तीस दिवसांत आपण कोठल्या शेतावर गेलां होतां काय, जनावरांशीं संबंध आला होता काय? आपल्यापैकीं बहुतेकांचें उत्तर 'होय' हेंच आहे. पण येथवर आलेला मनुष्य भितो, 'होय' म्हटलें तर परत धाडतील असें त्यास वाटतें, आणि तो 'नाहीं' लिहितो. हें सर्वथा चुकीचें आहे. 'होय' लिहिणाऱ्याचे जोडे पाहतात, माती असल्यास साफ करतात व सोडून देतात. दंड होतो तो न सांगितल्याबद्दल. जोखमीची वस्तु न सांगतां नेणाऱ्यास जागच्या जागीं ४०० डॉलर, आणि जाणूनबुजून चोरून नेल्यास प्रकरण फौजदारीपर्यंत जातें. तेथें सामान यंत्रांतून पाहतात व हुंगणारीं कुत्रींहि फिरतात.

ही कडकाई कोणास जाचक वाटेल. आम्हांस ती वाटत नाहीं. लाळ-खुरकत हा रोग आपल्या गोठ्यांत नित्याचा. न्यूझीलंडांत तो आजवर एकदांहि झालेला नाहीं, आणि दूध व मांस परदेशीं विकून तो देश जगतो. नोव्हेंबर २०१० मध्यें टे पुके येथें किवीच्या वेलींवर जिवाणूंचा रोग आढळला, व पिवळ्या किवीच्या बागाच्या बागा तोडाव्या लागल्या. जुलै २०१७ मध्यें मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा गुरांचा रोग आढळला. त्याच्या निर्मूलनासाठीं पुढील वर्षांत दीड लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. ज्यानें असे दिवस पाहिले तो पाहुण्याचे जोडे तपासणारच. आपल्या शिवारांतील गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नोंदलें गेलें, व तें परदेशी गव्हाबरोबर आलें असा सर्वत्र समज आहे; मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं कर्नाटकांत दिसली आणि त्याच वर्षीं आपल्याकडे येऊन पोंचली. खुरपणीची मजुरी व फवारणीचा खर्च जो आज सोसतो, त्यास निराळें समजावून देण्याचें कारण नाहीं.

म्हणून जातांना शेतांतील वहाणा घरीं ठेवाव्या. नवे किंवा घासून धुतलेले जोडे न्यावे. मध, ताजीं फळें, पेरण्याजोगें बी व रोपें नेऊं नयेत. आईच्या हातचें लोणचें, मसाले, लाडू यांपैकीं जें न्यावयाचें तें जबानींत लिहावें. सांगितलेली वस्तु फार तर काढून घेतील, तिच्याबद्दल दंड नाहीं. ऐन वेळीं आठवण झाली तर तपासणीच्या आधीं टाकून देण्यासाठीं पेट्या ठेवलेल्या असतात. प्रकृतीची काळजी येथूनच घेऊन जावी. अपघात झाल्यास तेथील सरकारी योजनेंत पाहुण्यालाहि उपचार मिळतात, परंतु आजारपणाचा खर्च स्वतःस करावा लागतो व तो फार असतो.

परतीच्या वेळीं आणखी एक मोह होतो. तिकडील बागा पाहून मन हरखतें, आणि दोन काड्या किंवा मूठभर बी खिशांत टाकावें असें वाटतें. आपल्याकडेहि कीड-रोगांचा कायदा १९१४ पासून आहे, व २००३ च्या आदेशानुसार परदेशी बी, रोप अथवा कलम आणण्यासाठीं आधीं आयात परवाना व त्या देशाचें रोगमुक्ततेचें प्रमाणपत्र लागतें. ज्यांस खरोखरच एखादी नवी जात लावून पाहावयाची असेल त्यांनीं जाण्यापूर्वींच मुंबईच्या वनस्पति-संगरोध केंद्राकडे चौकशी करावी; हें काम विमानतळावर उतरल्यानंतर होत नाहीं.